आनाइसची भीती घालवण्याचा कार्यक्रम

शुक्रवार, १८ जुलै. संध्याकाळी ६

दुपारी तीनला शेवटची लादी बसवली, हत्यारं धुतली, सुटलो. दोन आठवडे बांधकामवाल्यांची वार्षिक सुट्टी. अख्ख्या क्वेबेकमधले गवंडी, सुतार, प्लंबर, क्रेनवाले आजच सुटले. उद्या त्यातले निम्मे अमेरिकेत, मेन राज्याच्या किनाऱ्याला निघणार. म्हणून आपण त्यांच्या आधी निघायचं. पहाटे चार. जोझियानला सांगितलं, चार म्हणजे चार. ती हो म्हणाली, पण कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. बायकोचा असा होकार धरावा की नाही, हे आठ वर्षांच्या संसारात कळलेलं नाही.

संकल्प. बटाट्याचे तळलेले काप खायचे नाहीत. सासूबाईंशी वाद घालायचा नाही (त्या पण येतायत). आणि मुख्य म्हणजे आनाइसची समुद्राची भीती घालवायची. पोरगी सहा वर्षांची झाली. गेल्या वर्षी घोट्याएवढ्या पाण्यात गेली होती. मी नुसतं सावध केलं. जरा मोठ्याने केलं असेल, जीवरक्षकसुद्धा वळून बघायला लागला. तर ही पळत बाहेर आली ती आठवडाभर वाळूतून उठली नाही. अशी भीती वेळेवर काढली नाही तर जन्मभर चिकटते. असे लोक मी पाहिलेत.

पुढच्या शुक्रवारपर्यंत तिला माझ्याबरोबर कमरेइतक्या पाण्यात उभी करणार. झोपवताना तसं वचन दिलं. बरं बाबा, म्हणाली, आणि माझ्या हातावर थोपटलं.

शनिवार, १९ जुलै. पहाटे ४.०५

गाडी भरून तयार. मी तयार. बाकी कोणी नाही.

सकाळी ७.५०

निघालो. लोइकने (वय दोन) एक बूट संडासात टाकला. सासूबाई तीनदा परत घरात गेल्या. तिसऱ्यांदा कशाला गेले तेच विसरले, म्हणाल्या. मी काही बोललो नाही. संकल्प शाबूत.

दुपारी १२.२०. अमेरिकेच्या हद्दीवर

पुढे गाड्याच गाड्या. सगळे पहाटे चारला निघालेले असणार.

दुपारी २

अधिकाऱ्याने विचारलं, खाण्याचं काही आहे का. मी ठामपणे नाही म्हणालो. मागून सासूबाई म्हणाल्या, अरे, आणि माझी संत्री? चौदा संत्री निघाली. गाडी बाजूला घ्यायला लावली. सासूबाई त्या माणसाला संत्र्यांचे गुण सांगत बसल्या. त्यांना गप्प बसवायचं मशीन अजून निघालेलं नाही.

त्याने आनाइसला विचारलं, कशाला चाललात? ती म्हणाली, कसं घाबरायचं नाही ते बाबा मला शिकवणार आहे. तो माझ्याकडे बघून हसला. कौतुक वाटलं असावं.

संध्याकाळी ५. मोटेल

सामान उतरवतो तर शेजारच्या खोलीसमोर खुर्ची टाकून बियर पीत बसलेला कोण? इवान बोर्दलो! आमच्या गल्लीतला, घराला लागून घर. हाच तो, रविवारी सकाळी आठला गवत कापणारा. वर्षभर ज्याचं तोंड चुकवतो, त्याच्यापासून लांब म्हणून साडेपाचशे किलोमीटर आलो. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. काय रे जेलिना, म्हणाला (मला आडनावानेच हाक मारतो), वाटेत लाद्या बसवत आलास की काय?

त्याला तीन पोरं. तिन्ही दिवसभर पाण्यात. वळण नाही.

रविवार, २० जुलै. सकाळी ६.१५

जागा धरली. पाण्यापासून फक्त बारा पावलं. पहिल्या रांगेत आम्ही एकटेच. घडीचं टेबल पाणसळ लावून मांडलं, बुडबुडा बरोबर मध्ये. बाकीचे लोक मागे, तिकडे गवताजवळ छत्र्या रोवतायत. पैसे मोजून समुद्राला यायचं आणि समुद्रापासून लांब बसायचं! असो.

सकाळी १०.४०

भरती आली. टेबल, कूलर, माझी डावी चप्पल. भरतीचं वेळापत्रक मोटेलच्या ऑफिसात लावलंय, पण आत, दारामागे. ते कोण वाचणार? इवानने पाण्यात उडी मारून कूलर आणि टेबल आणलं. मी काठावरून दिशा दाखवत होतो. दिशा बरोबर होत्या. चप्पल गेली.

नंतर आम्ही पण गवताजवळ बसलो. इवानची पोरं दहा वेळा आनाइसला बोलवायला आली. ती काही गेली नाही, दिवसभर मला चिकटून बसली. भीती वाटली होती त्यापेक्षा खोल आहे. उद्यापासून पाठ सुरू.

सोमवार, २१ जुलै. दुपारी

पाठ पहिला. सिद्धांत. वाळूत लाटेचा उभा छेद काढला, बाण दाखवले. लाट येते म्हणजे पाणी येत नाही, पाणी जागच्या जागीच खालीवर होतं, घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. आनाइसने सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, बाबा, तू पाण्यात कधी येणार? मी सांगितलं, शिकवणारा काठावर उभा राहतो, तिथून सगळं नीट दिसतं. तिने जरा विचार केला. मग मी पण इथेच, म्हणाली.

सासूबाई विणता विणता म्हणाल्या, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. रोख बहुधा जोझियानवर होता. मायलेकींच्या भांडणात मी पडत नाही.

जीवरक्षकाच्या फळ्यावर पाणी पंधरा अंश. प्रात्यक्षिक पुढे ढकललं.

मंगळवार, २२ जुलै

पाऊस. तळलेले काप, व्हिनेगर घालून, एक मोठी पुडी. पावसात दुसरं काय मिळतं? दुसरी पुडी लोइकने सांडली, ती धरत नाही. तिसरी त्या सांडलेल्या पुडीच्या बदली.

मी दुपारी जरा आडवा झालो. जाग आली तर खोलीत कोणी नाही. तासाभराने सासूबाई आणि आनाइस आल्या, मला बघून दोघी एकदम गप्प झाल्या. आनाइसचे केस ओले. एवढ्या पावसात पोरीला बाहेर नेतात म्हणजे कमाल आहे. संकल्पामुळे बोललो नाही.

बुधवार, २३ जुलै. सकाळी

पाठ दुसरा. प्रात्यक्षिक. पाणी सोळा अंश, आता सबब नाही. मी पुढे, आनाइस माझं बोट धरून मागे. घोट्यापर्यंत गेलो. उत्तम चाललं होतं. तेवढ्यात लाट आली आणि टॉवेल विसरल्याचं माझ्या लक्षात आलं, म्हणून चटकन परतलो. टॉवेल खांद्यावरच होता. आनाइस पण माझ्यामागून बाहेर आली. थोडक्यात राहिलं.

संध्याकाळी

मुलं आईस्क्रीम खात असताना जोझियानने विचारलं, रेजिस, तुला पोहता येतं ना रे? सरळ विचारलं. मी म्हणालो, प्रश्न माझ्या पोहण्याचा नाहीच, प्रश्न आनाइसचा आहे. ती म्हणाली, अरे, मला सांगितलंस म्हणून मी काय हसणार आहे का? मी विषय सनस्क्रीनवर नेला.

एक गोष्ट लिहून ठेवतो, नुसती नोंद म्हणून. मी सात-आठ वर्षांचा होईपर्यंत आमच्या नदीतून ओंडके वाहायचे, खाली कागदाच्या कारखान्याला जायचे. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी दिसायचं नाही, नुसती लाकडं. आई म्हणायची, ओंडक्यांखाली गेलेलं पोर वर येत नाही. नदीकडे बोट दाखवलं तरी पाठीत धपाटा. पुढे ओंडके बंद झाले. आई काही बंद झाली नाही. तर अशा गावात माणूस पोहायला कुठे शिकणार? भीतीचा त्यात संबंध नाही.

गुरुवार, २४ जुलै. दुपारी ३

अक्षर खराब येईल.

जोझियान सँडविच आणायला गेली होती. लोइक माझ्याकडे होता. मी छत्रीची खुंटी ठोकत होतो, तेवढ्यात बेटा सुटला, हातात लाल बादली, सरळ पाण्याकडे. मी धावलो. आयुष्यात इतका धावलो नसेन. ओल्या वाळूच्या रेषेपर्यंत सगळ्यांच्या आधी मीच पोहोचलो. त्यापुढे सासूबाई गेल्या. एक्काहत्तर वर्षांच्या, स्कर्ट, मोजे, हातात विणकामाच्या सुया, तशाच गेल्या आणि त्याला काखोटीला मारून घेऊन आल्या. पाणी त्यांच्या पोटरीपर्यंत होतं. लोइक हसत होता.

म्हणजे तसं काही झालं नाही. पोटरीभर पाण्यात काही होत नाही. मी पण गेलोच असतो. एक पाय उचललेला होता.

तो पाय किती वेळ उचललेला होता ते आनाइसने पाहिलं. येऊन माझा हात धरला आणि मला छत्रीखाली नेऊन बसवलं. सासूबाईंनी मोजे पिळले आणि म्हणाल्या, जावईबापू, पाणी प्या जरा. पाणीच का, कॉफी का नाही, असं मनात आलं.

उद्या शेवटचा दिवस. वचन दिलंय. कमरेपर्यंत. पाणी कितीही अंश असो.

शुक्रवार, २५ जुलै. सकाळी ९

ऊन स्वच्छ. लाटा लहान. पाठ तिसरा आणि शेवटचा. बरोबर अकराला. तोपर्यंत वाळूत किल्ला.

संध्याकाळी ५

सगळं आहे तसं लिहायचं ठरवलंय.

अकराच्या आधीच इवान आला. चल गं आनाइस, म्हणाला, माझी पोरं बोलावतायत, मी धरतो तुला. तिने मान हलवली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. का गं, घाबरतेस होय? लाटांचा आवाज होता म्हणून तिने मोठ्याने सांगितलं. मी नाही घाबरत. बाबा घाबरतो. मी पाण्यात गेले की तो ओरडतो आणि त्याचं तोंड पांढरं होतं. मी गेले तर तो इथे एकटाच घाबरत बसेल ना. म्हणून मी त्याच्याजवळ बसते.

इवानला वाळूत एकदम काहीतरी महत्त्वाचं दिसलं. सासूबाई विणीचे टाके मोजायला लागल्या. जोझियानने लोइकच्या तोंडाला तिसऱ्यांदा क्रीम फासलं. दचकलं कोणीच नाही, तेच मला जास्त लागलं. बातमी फक्त मलाच नवीन होती.

मग बाकीचं पण निघालं. नोव्हेंबरपासून दर शनिवारी मी कामावर गेलो की सासूबाई तिला गावच्या पोहण्याच्या तलावावर न्यायच्या. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहते. प्रमाणपत्र मिळालंय, कपाटात चादरींच्या खाली आहे. मंगळवारी पण त्या दोघी पावसात भिजायला नव्हत्या गेल्या, मोटेलच्या तलावावर होत्या. मला सांगायचं नाही हे कोणी ठरवलं, मी विचारलं. आनाइसने. बाबाला वाईट वाटेल, म्हणाली होती.

मी म्हणालो, पाणी गार आहे आज.

आनाइस उठली, हाताची वाळू झटकली आणि हात पुढे केला. चल, म्हणाली, मी आहे ना.

गेलो. घोटा. पोटरी. मला भीती वाटत होती. लिहून टाकतो, ही वही दुसरं कोणी बघत नाही. पायाखालची वाळू सरकत होती आणि मला खाली लाकडं दिसत होती, जिथे एकही लाकूड नव्हतं. तिने सांगितलं, लाट आली की पाण्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मी बघितलं. तिचा पुढचा एक दात पडलाय. कधी पडला, मला माहीत नाही. एक लाट गेली, दुसरी गेली. गुडघ्यापर्यंत आलो. डोळ्यांत खारं पाणी आलं. लाटा गुडघ्याच्या वर येत नव्हत्या.

शाब्बास, म्हणाली. मग विचारलं, आता मी जाऊ?

जा म्हणालो. तिने हात सोडला आणि लाटेच्या खालून निघून गेली. ओरडायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. पलीकडे ती वर आली, बोर्दलोच्या पोरांच्या मधोमध, आणि कोणाच्या तरी अंगावर पाणी उडवून खिदळली. पोरगी सुरेख पोहते. माझी पोरगी. किती तरी वेळ बघत राहिलो.

मग परत फिरायचं ठरवलं, तर फिरताच येईना. पुढे तिच्याकडे बघत असेपर्यंत ठीक होतं. वळायचं म्हणजे पाठीमागून लाट येणार. दहा मिनिटं तसाच उभा. जीवरक्षकाला वाटलं, मी समुद्राचं सौंदर्य बघतोय.

शेवटी सासूबाई आल्या. मोजे काढून आल्या होत्या, म्हणजे ठरवून आल्या होत्या. माझ्या कोपराला धरून मला वळवलं आणि बाहेर आणलं. सबंध वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत.