तीन शक्यतांचा गुणाकार

चिंचणी

प्रिय केतन,

“गुणाकार करण्याआधी विचारा, या घटना एकमेकींना ओळखतात का?” एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सर हे म्हणाले आणि मागच्या बाकावरून तू विचारलंस, “सर, लग्न ठरवताना पण असंच विचारायचं का?” सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला होता. पुढे तू ठाण्याला गेलास, कारखान्यांच्या धोक्यांचे अहवाल लिहू लागलास. मी पालघरच्या कॉलेजात संभाव्यता शिकवत राहिले. आपलं ठरायचं ते राहून गेलं. त्याबद्दल मी कधी काही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही.

बोईसरच्या त्या कारखान्यात रिॲक्टर फुटला तेव्हा आमचा मेहुल पाळीवर होता. अहवाल लिहिताना तो माझा भाऊ आहे हे तुझ्या लक्षात होतं का, कुणास ठाऊक. रिॲक्टरचं झाकण छत फोडून गेलं. पाम गावचा बुधा, मेहुलचा मदतनीस, जागीच गेला. ओळखायला हातातलं कडं तेवढं उरलं. मेहुलची पाठ आणि दोन्ही हात सोलून निघाले. इस्पितळात पट्ट्या बदलताना तो असा ओरडतो की शेजारच्या खाटांवरची माणसं उशीत तोंड खुपसतात.

मग तुझा अहवाल आला. तापमानाचा भोंगा, थंड पाण्याचा पंप आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह, तिन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता कोटीत एकसुद्धा नाही, म्हणून चूक कामगाराची. कंपनीने तो फाटकावर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाचा भाऊ आनंदा माणसं घेऊन आमच्या दारात. “कोटीत येक! म्हंजे तुजा पोरगा झोपला व्हता, म्हातारे! माजा भाव जाळला त्याने!” अंगणातल्या बोंबील वाळवायच्या काठ्या उपटून त्यांनी आईला मारलं. ती पडल्यावरही मारलं. तिचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मीही काठी उचलली, केतन. आनंदाच्या डोक्यात घातली, आणि तो खाली बसल्यावर पुन्हा घातली. डोक्यातलं रक्त डोळ्यांत ओघळलेलं, तसाच वर बघून तो म्हणाला, “टीचर, तुमी पन?” मला थांबायचं नव्हतं. शेजारच्या मंगलाने मागून कवळ घातली म्हणून तो जिवंत आहे.

तिन्ही यंत्रणांना वीज एकाच पॅनेलवरून होती. पॅनेल जळलं की तिन्ही एकदम मुक्या. त्यांच्या शक्यतांचा गुणाकार होतच नाही. तुझं नाव झाकून मी तो हिशोब वर्गात फळ्यावर मांडला. मुलांना चूक सापडायला वेळ लागला नाही. दीपाली नावाची विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, हा नापास ना?” बाकीची हसली. पॅनेलचा नकाशा तुझ्याच अहवालाला जोडलेला आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

न्यायालयात हे मांडायला वकील मिळाला आहे. हे पत्र त्यासाठी नाही. मेहुलला सगळं आठवत होतं. तो जागा होता, भोंगा वाजलाच नाही, काटा चढलेला बघून तो हाताने व्हॉल्व्ह उघडायला धावला. शुद्धीवर आल्यापासून तो हेच सांगत होता. मग कुणीतरी त्याला तुझा अहवाल वाचून दाखवला. काल म्हणाला, “केतनदादाचा हिशोब चुकनार नाय, ताई. मीच झोपलो असन.” मी कागदावर पॅनेल काढून दाखवलं, तर त्याने तोंड फिरवलं. “तू बहीन हायस. तू असंच सांगनार.” सोमवारी पोलीस त्याचा जबाब घ्यायला येणार आहेत, आणि “बुधाला मीच मारलं,” असं तो त्यांना सांगणार आहे. फोन तू उचलत नाहीस. नाहीच म्हणशील, हे धरूनच मागते. सोमवारच्या आधी एकदा वॉर्डात ये, आणि तो जागा होता हे त्याला तुझ्या तोंडाने सांग.

एके काळी तुझीच,
जागृती