राक्षसाच्या मुलखात आवणी

९ जानेवारी
आज मी लांडगा मारला! हाताला भाकरीचं पीठ, तसंच फोनला बोट लावलं. नमू ओरडली, "आजे, हात धू गो आधी!" लांडगा थांबतोय का हात धुवायला?
वर्ष झालं, नात माझी इथं शेणव्याला माझ्यापाशी बसून कंप्युटरवर हा खेळ बनवते. राक्षसांचा मुलूख. वाटेल तिकडं हिंडा, कोणी अडवत नाय. डोंगर काढलाय तो थेट सिद्धगड! मी मुरबाडकडची लेक, मला फसवते काय. म्हटलं, करवंदाच्या जाळ्या कुठायत? दुसऱ्या दिवशी जाळ्या हजर.

११ जानेवारी
खेळात विहिरीपाशी एक म्हातारी बसते. मला म्हणते, "बाय, या मुलखाला आता तुझाच आधार." जन्मात असं कोणी म्हटलं नव्हतं मला! तीनदा जाऊन ऐकून आले.

१४ जानेवारी
तिळगूळ कडक झाला. शेजारची बारकी म्हणते, याच्यानंच मार तुझा राक्षस.

१७ जानेवारी
पुण्याहून साईनाथचा फोन. नमूचा जोडीदार — कामातला हां, तसला नाय. (विचारलं मी. उशी फेकून मारली.) तो म्हणतो, एकट्यानं खेळायचा खेळ नको, एकाच मुलखात हजार माणसं एकदम पायजेत. नमू म्हणते, गर्दी आली की गोष्ट मरते. महिनाअखेर ठरवायचं. एकट्याचा ठरला तर इथंच बसून पुरा करील. गर्दीचा ठरला तर पुण्याला जायचं, दहा जणांत बसून काम.
म्हणून मी एकट्याच्या बाजूची. नमूला म्हटलं, मला बाय गर्दी सोसत नाय. खोटारडी! म्हशाच्या यात्रेत पाळण्यात दोनदा बसते ती कोण?

२२ जानेवारी
नमूनं गर्दीचा खेळ लावून दिला. अगो बाय! विहिरीवर रांग! चाळीस जण, आणि म्हातारी प्रत्येकाला तेच — "तुझाच आधार." लबाड मेली! एक जण नुसता उड्या मारत होता. एकाचं नाव बटाटा.
राक्षस राहिला बाजूला. खेळात ज्याला त्याला एक शेत मिळतं. त्या बटाटा नावाच्याचं शेत रिकामं पडलेलं, मी वाकले आणि भात लावला. मग दुसऱ्याचं. पाच जणांची आवणी उरकली. मग माझ्या शेतावर वाट बघत बसले. कोणी फिरकलं नाय!
नमू म्हणाली, "आजे, कोणी येत नाय. खेळात तसं नसतं."
"मग सावड कशी फिटायची? मी खेळातले पाच दिवस दिले ना!"
हसायला लागली. हसता हसता थांबली. "परत सांग."
सांगितलं. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. शेत ज्याचं त्याचंच राहतं. बोलावल्याबिगर कोणी बांध ओलांडत नाय. पण घेतलेला दिवस फेडायचाच.
पोरीनं सगळं लिहून घेतलं. मी मास्तरीण! तिसरीत शाळा सुटलेली.

२३ जानेवारी
वालाची उसळ करपली. सकाळपासून दोघं फोनवर — सावड, सावड, सावड.

२९ जानेवारी
ठरलं. मुलूख ज्याचा त्याचा. गोष्ट एकट्याची, म्हातारी खरं बोलणार. आणि सावडीला चारच माणसं यायची, ती पण बोलावलेली. साईनाथ खूश, नमू खूश. आणि हे बनवायला जायचं — पुण्याला! माझ्याच तोंडानं घालवली पोरीला.
विचारत होती, "आजे, राहू का मी?"
म्हटलं, "जा गो! तुझ्या लांडग्यांपायी माझी भाकर गार होते."
परत खोटारडी.

४ फेब्रुवारी
एसटीत बसवून आले. खेळाचा फोन माझ्यापाशी ठेवलाय. उघडला नाय. रुसलेय मी.

११ फेब्रुवारी
अजून रुसलेय. नमूला फोनवर सांगितलं, तिला हसू आलं.

२ मार्च
साईनाथ म्हणाला, "आजी, नवा खेळ घातलाय तुमच्या फोनात. उघडा तरी." उघडला. माझं शेत लावलेलं! ओळी वाकड्या, आणि बांधाकडच्या कोपऱ्यात लावायचं सोडून दिलेलं — नमू लहानपणी सोडून पळायची, अगदी तसंच. बोलावणं पण माझ्या नावानं तिनंच धाडलेलं!
एक दिवस माझ्या अंगावर आला. उद्या तिच्या बांधावर जायचंय. हात धुवून.