गौराची भुकटी

प्रिय गौरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा तुझे आकडे तपासायला. खोटं कशाला सांगू, मला तुझा हेवा वाटतो. हॉस्टेलात आपण एका खोलीत राहिलो, एकाच सरांकडे शिकलो आणि गजकर्णावरचं तेच औषध दोघींनी संशोधनाला घेतलं, ते पाण्यात विरघळायचं नाव घेत नाही म्हणून. मी ते वर्षभर खलात घोटत बसले. बारीक, आणखी बारीक. दंड भरून आले, पण औषध आपलं पाण्यावर पिठासारखं तरंगतंय. तू पेग नावाचा तो मेणासारखा पदार्थ वितळवलास, त्यात औषध कालवलंस, गार फरशीवर ओतून झटक्यात थिजवलंस आणि कुटून भुकटी केलीस. इतकं सोपं मला का सुचलं नाही, हे मनात येतं आणि घास गोड लागत नाही.

त्यात हे सगळं तू लातुरात केलंस, या दुष्काळात, टँकरची वाट बघत. इथे नांदेडला गोदावरी आटली तरी आमच्या प्रयोगशाळेच्या नळाला पाणी आहे, आणि माझे हात रिकामे. आंघोळीला पाणी नाही म्हणून खेडोपाडी गजकर्ण पसरलंय. डॉक्टर सांगतात, गोळी तेलातुपाच्या जेवणावर घ्या, तरच अंगी लागते. रोजगार हमीच्या कामावरची धोंडाबाई मला म्हणाली, "त्याल कुठून आनू बाई? कोरडी भाकर हाय." तिला नुसत्या पाण्यात विरघळणारी गोळी हवी, म्हणजे तुझी. कळतं सगळं, तरी पोटात दुखायचं ते दुखतंच.

आणि ती जागा. नवा जिल्हा झाला तशी ह्यांची बदली लातूरच्या कलेक्टर कचेरीत झाली. मी इथे, ते तिथे आणि लेक अहमदपूरला माझ्या आईपाशी. तिघं एका छपराखाली यायची सोय म्हणजे लातूरच्या नव्या कॉलेजातली लेक्चररची ती एकुलती जागा, आणि तिला अर्ज आपल्या दोघींचे. सोमवारी समितीपुढे तू तुझं काम मांडणार, मी माझं. तुझ्या आकड्यांपुढे माझं खलातलं पीठ कोण बघतं?

समितीत आपले सरही आहेत. त्यांनी तुझी भुकटी पडताळायला माझ्याकडे पाठवली, हे तुला ठाऊक नसेल. काल मी ती पाण्यात टाकली. तू लिहिलंस त्याच्या जेमतेम निम्मी विरघळली. गौरा, मला इतका आनंद झाला की कँटीनमध्ये जाऊन सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल, तर म्हटलं, सहज. मग विचार आला, तू आकडे फुगवणारी नव्हेस, तर हे झालं कसं? संक्रांतीला तुझ्याकडे आले होते तेव्हा तुमचा शिपाई केरबा प्रयोगाची काचेची भांडी धूत होता. साबण फासायचा आणि सगळी एकाच बादलीत बुचकळायचा. मी टोकलं तर म्हणाला, "पानी कुठं हाय बाई? येवढ्यातच भागवायलो." तेव्हा मी हसून सोडून दिलं. आज माझ्या स्वच्छ भांड्यात साबणाचा थेंब टाकून तुझी भुकटी पुन्हा पाहिली. बरोबर तुझाच आकडा आला. म्हणजे भांड्यांना राहिलेला साबणच औषध जास्त विरघळवत होता.

माझे कालचे आकडे सरांनी समितीपुढे ठेवले की तू सगळ्यांदेखत खोटी ठरशील. मला खोटं बोलायचीही गरज नाही, साबणाबद्दल गप्प बसलं की झालं. पण ते मला जमायचं नाही, आणि सोमवारच्या आत तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता लातूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे, व्यंकटीकडे देते आहे. सोबत डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आहेत, स्टँडवर उतरवून घे. आधी त्या पाण्याने भांडी स्वतःच्या हातांनी खळखळून धू, केरबावर सोडू नकोस. मग प्रयोग नव्याने कर आणि येतील ते आकडे स्वतःहून मांड. ते निम्म्यावर आले तरी माझ्या तिप्पट असतील, मी ताडून पाहिलेत. जागा तुलाच मिळेल. मिळाली की मला लगेच कळवू नकोस. ह्यांच्याकडून कळेलच. थोडी रडून घेईन, तुला चार शिव्या देईन, आणि मग पेढे खायला येईन.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
उमा