उत्कर्षाला कुठे खेळवायचं

६ एप्रिल
पुन्हा दोन गोल! आज उत्कर्षाला मोठ्या मुलींच्या हॉकी संघात खेळवलं. चौदा वर्षांची पोरगी, पण गोलकीपरच्या पॅडला लागून चेंडू कुठे पडणार हे तिला आधीच कळतं — तिथे जाऊन उभी. बाकीच्या पळतात, ही थांबते. वीस वर्षं शाळेत पीटी घेतोय, अशी गोल मारणारी फॉरवर्ड माझ्या हाताखाली आली नाही.

उलट्या स्टिकनं मारणं कच्चं. मागे येऊन अडवायचा तर भयंकर कंटाळा. ओरडलो, तर म्हणते, "सर, मी हितंच थांबते की. चेंडू येतोय."

आणि येतो!

९ एप्रिल
तिचे वडील कुंडलिक मोडनिंबहून आले होते. हायवेला पंक्चरचं दुकान आहे त्यांचं. क्रीडा वसतिगृहाचं सांगितलं — राहणं, जेवण, शाळा, हॉकीचं खरं टर्फचं मैदान, सगळं तिथेच. मग म्हणाले, "एवढं साल बघतो सर. न्हाय झालं तर गावाकडं नेतो. बहिणीच्या घरी पोरगी किती दिस ठिवू?"

म्हणजे निवड झाली नाही तर हॉकी संपली. मोडनिंबला कोण खेळतंय हॉकी!

१५ एप्रिल
वसतिगृहाचा फॉर्म आला. कुठल्या जागी खेळते — एकच लिहायचं.

अक्कलकोटच्या महादेवप्पाचा फोन. तोही हॉकीच शिकवतो. "फॉरवर्डला यंदा लई गर्दी हाय बघ. बॅकला कुणी न्हाय. बॅक लिव्ह की गपचूप."

बॅक! म्हणजे मागे राहून अडवायचं! अडवायला गेली की आधी पाय घालते ही, म्हणजे फाऊल; स्टिक मागून येते.

१६ एप्रिल
बॅक लिहिलं. एकदा आत शिरू दे, पुढे तिथल्या कोचला डोळे असतील तर कळेलच. पण लाज वाटतेय स्वतःची.

१७ एप्रिल
तिला सांगितलं. रडली नाही. स्टिकची टेप उचकटत बसली. "गोल मारायचाच न्हाय?"

"नाही. कुणीही विचारलं तरी सांगायचं, मी बॅक आहे."

"बरं सर."

२८ एप्रिल
रोज सकाळी नुसतं अडवणं. दोन्ही गुडघे फुटलेत. तक्रार नाही. मलाच बघवत नाही.

११ मे
पुण्याला निवड चाचणी. बॅकला चव्वेचाळीस पोरी! फॉरवर्डला नऊ! सगळ्या जिल्ह्यांतल्या सरांनी तोच शहाणपणा केलेला. महादेवप्पा माझ्याकडे बघेना.

आम्हा सरांना कुंपणाबाहेर उभं केलं होतं. संध्याकाळी यादी लागली. उत्कर्षाचं नाव नाही. दोनदा वाचली.

१२ मे
काल परतीच्या बसमध्ये टेंभुर्णी गेल्यावर तिनं सांगितलं. यादी लावायच्या आधी निवड समितीच्या बाईंनी बॅकच्या पोरींना रांगेत उभं करून विचारलं होतं — फॉरवर्ड खेळणारी कुणी आहे का? हात वर करा. सहा-सात जणींनी केले. त्यांतल्या तिघींना घेतलं.

"मी न्हाय केला, सर. तुमी सांगितलं हुतं की."