स्टेअरिंगच्या पंपातले आटे

अण्णा, तुमची गाडी काल उघडली, आणि कालपासून तुमच्याशी भांडावं की नुसतं तुमच्याजवळ बसून राहावं, हेच मला कळेनासं झालं आहे. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं उलटली. गाडी अजून माझ्याकडेच आहे, इथं परभणीला. दादाला पुण्यात ती नको होती आणि मला विकवली नाही. आता लेकीला जिंतूरला नोकरी लागली आहे आणि सोमवारपासून ती रोज याच गाडीनं जाणार आहे. मागच्या आठवड्यात गाडीखाली लालसर तेल सांडलेलं दिसलं. स्टेअरिंगही इतकं जड झालं की वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. म्हणून चाचांच्या गॅरेजात नेली. तेच चाचा, ज्यांना तुम्ही आयुष्यभर 'चुडीवाला' म्हणत आलात. आपल्या जिंतूरच्या गॅरेजातून तुम्ही परत पाठवलेली गिऱ्हाइकं परभणीला त्यांच्याकडे जायची, आणि तुम्ही नाही म्हटलेलं काम ते करून द्यायचे.

ते काम म्हणजे बोल्टाच्या भोकातल्या मेलेल्या आट्यांच्या जागी नवे आटे. स्टेअरिंगच्या पंपाचं अंग अॅल्युमिनियमचं, मऊ. त्यात तेलाच्या पाइपाचा पोलादी बोल्ट कुणी वाकडा घालून जोरानं आवळला की आतले आटे खरवडून निघतात. चाचा ते भोक थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे, मग त्यात पोलादी तारेची बारीक गुंडाळी फिरवून बसवायचे. जुना बोल्ट त्या गुंडाळीत पुन्हा घट्ट बसायचा. त्या गुंडाळीलाच गॅरेजात चुडी म्हणतात. तुम्हालाही ते येत होतं. इंजिनाच्या झाकणाला तुम्ही स्वतः करायचात. पण स्टेअरिंगला नाही म्हणजे नाही. मला तो नवरदेवाचा मामा आठवतो. भर उन्हात तो आपल्या दारात उभा आहे, खांद्यावर नवा टॉवेल. "मिस्त्री, उद्या लग्न हाय हो. येवढ्या बारीला चुडी बसवून द्या, पुढं नवा पंप टाकतो." तुम्ही मान वर न करता म्हणता, "लग्न यष्टीनं गेलं तरीबी लागतंय." तो चिडतो. "लय ताठा हाय तुमाला." तुम्ही म्हणता, "ताठाच हाय. स्टेअरिंगात मेलेला आटा मी जित्ता करीत नसतो. कुनाचं लेकरू बसायचं त्या गाडीत, काय सांगावं?" तो पाय आपटत निघून गेला. आई आतून म्हणाली, "अशानं गिऱ्हाईक टिकायचं न्हाई." तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक जित्तं राहू दे आदी."

आटे मरतात कसे, हे मला तुम्ही स्वयंपाकघरात शिकवलं होतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी वाकडं बसवून दाबत होते. तुम्ही जेवता जेवता उठलात, उष्ट्या हातानंच माझं मनगट धरलंत. "जोर कामून लावायलीस? आदी उलटं फिरव. हळू. टक् म्हणंल. आता सुलटं." मी उलटं फिरवलं. झाकण एका जागी टकन् खाली बसलं आणि मग दोन बोटांनी लागलं. "बोल्टबी असाच. आदी बोटानं, मग पान्यानं. पाना पहिल्यांदा लावला की आटा मेला." आई म्हणाली, "जेवायलाव का गाडी दुरुस्त करायलाव?" आपण तिघंही हसलो. आजही मी कुठलंही झाकण आधी उलटंच फिरवते. लेक हसते, पण करते तसंच.

काल चाचांनी पंप खाली उतरवला, रॉकेलनं धुतला आणि मला हाक मारली. "ताई, हिकडं या. तुमच्या वालिदची, अण्णांची करामत बघा." पाइपाच्या बोल्टावर आणि पंपाच्या अंगावर मिळून एक जांभळा ठिपका होता. मी ओळखला. आवळलेला बोल्ट पुढं हलला तर कळावं म्हणून त्यावर ठिपका द्यायला तुम्ही माझी लाल नेलपॉलिश संपवली होती. मी रुसले, तेव्हा बाजारातून ही जांभळी आणून दिलीत. मी म्हणाले, असला रंग कोण लावतं, आणि ती बाटली तुमच्याच फळीवर गेली. जिंतूरमध्ये जांभळे ठिपके देणारा दुसरा मिस्त्री नव्हता. चाचांनी बोल्ट सोडवला आणि बॅटरीचा उजेड भोकात धरला. आत तारेची गुंडाळी चमकत होती. "मला चुडीवाला म्हनायचे," चाचा म्हणाले, आणि खो खो हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून हसणं आवरलं.

मी विचारलं, "हे दुसऱ्या कुणी केलेलं असेल का?" ते म्हणाले, "तुमी म्हनाल तर तसं म्हनतो." मी पुन्हा भोकात डोकावले. मग तेच म्हणाले, "चुडी कुनी बसवली, अल्ला जाने. गाडी सेकंडहँड घेतली होती ना? पन बोल्ट त्यांनीच आवळलाय. आवळताना दिसलीच असंल की." मी धोका विचारला. त्यांनी पुन्हा आत पाहिलं. "चुडी लय पक्की हाय. तेल चुडीतून न्हाई आलं. बोल्टाखालचे तांब्याचे वायसर गेलेत. वायसर बदलतो, गाडी चालंल. न्हाईतर नांदेडहून नवा पंप मागवतो. सांगा तुमी."

काय सांगायचं, अण्णा? लेक लहान असताना तुम्ही मला सणाला न्यायला माझ्या सासरी चुडाव्याला यायचात, याच गाडीतून. ती माझ्या मांडीवर झोपलेली, तुम्ही पुढं. तेव्हा ती गुंडाळी आत होती का? असेल, तर लोकांच्या लेकरांसाठी जे चालत नव्हतं ते तुमच्या नातीसाठी कसं चाललं? की तुम्हाला फक्त स्वतःच्या हाताचा भरवसा होता, आणि लोक गाडी कशी वापरतील याची खात्री नव्हती, म्हणून त्यांना परत पाठवायचात? की त्या वेळी काही अडलं होतं आणि तुम्ही घरात बोलला नाहीत? की शेवटी शेवटी तुम्हालाच वाटू लागलं होतं की चाचांचं चुकत नाही, फक्त तसं म्हणायचं कुणाजवळ? एकेक उत्तर थोडा वेळ खरं वाटतं. मला राग येतो, पण तो कशाचा हे सापडत नाही. तुम्ही नियम मोडलात याचा, की मी तो इतकी वर्षं कवटाळून बसले याचा?

ठिपका तुमचा आहे, एवढंच सांगितलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, आबांनी केलंय ना? मग राहू दे की." तिला तुम्ही फारसे आठवत नाही, तरी तिचा तुमच्यावर माझ्यापेक्षा सोपा विश्वास आहे. मी नवा पंप मागवायला सांगितला. जुना पंप चाचांनी फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. आज गाडी घरी आली. लेकीनं गल्लीतून एक चक्कर मारली आणि खिडकीतून ओरडली, "एका बोटानं वळायलीय, आई!"

हे लिहून मी कुणाला देणार? तुम्हाला पोचणार नाही, आणि लेकीनं वाचू नये असं वाटतं. पंप बदलायचा कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, जुना पार खराब झाला होता. अण्णा, तो खराब झालेला नव्हता.