रविवारची मिटिंग

प्रिय आई,

रविवारी आमच्या घरात काय चालतं हे तुला कळलं होतं, तर मग तू एकदाही बोलली का नाहीस? बरेच दिवस मी हा प्रश्न घेऊन फिरतेय. जिला विचारावं ती तूच आता नाहीस.

काल असोद्याला अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तुझ्याशिवायची पहिली. तुझ्याबरोबर उभा संसार केलेल्या भाऊंनी तुझ्या नावाची घागर भरली. थोडं पाणी जमिनीवर सांडलं, तर तू रागावशील म्हणून त्यांनी स्वतःच फडकं आणून पुसलं. घागरीवर पिकलेलं डांगर ठेवलं, शेजारी सांजोऱ्या. तुझ्या नावाचा घास मी निखाऱ्यावर ठेवला. मनात काहीतरी बोलायचं असतं ना अशा वेळी? मला एकही शब्द सुचला नाही. इतकी लाज वाटत होती. म्हणून आज जळगावला घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

आई, रविवारी व्हायची ती शाळेची मिटिंग नव्हती गं. तो खेळ होता.

तुझे जावई रविवारी धुळ्याला ड्यूटीवर. स्वरा नुकती चालायला लागलेली, दिसेल ते तोंडात घालणारी. त्यात माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या नशिराबादच्या रेश्माने हा खेळ काढला. ती एक गोष्ट सांगत जाते आणि आम्ही बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतो. आपण काय करायचं ते आपण ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. मी होते भागी. होडीवाली. पूर आला तरी होडी घालणारी, कोणाला न घाबरणारी. शाळा, घर, डबे, दुपटी यांच्यात मला तेवढीच एक जागा मोकळी सापडली होती.

पण हे तुला कसं सांगायचं? लेकुरवाळी बाई, घरातली पहिली पदवीधर, आणि ती मैत्रिणी जमवून फासे टाकते? आपल्याकडे फासे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जुगारच येतो. मी फोनवर म्हणाले, "रविवारी शाळेची मिटिंग असते घरी. स्वराला बघायला येशील?" तू एका शब्दाने काही विचारलं नाहीस. असोद्याहून सकाळच्या बसने आलीस. आणि मग येतच राहिलीस.

तू आल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे. आवाजाने काम बिघडतं म्हणून! आत तू आणि स्वरा, बाहेर आम्ही. चहा झाला की तू दार थोडं उघडून ट्रे बाहेर द्यायचीस, तोही मान वळवून. शिकलेल्या बायांच्या कामात आपण डोकावू नये, म्हणून. आई, ती वळवलेली मान मला आता रोज दिसते.

आणि संक्रांतीचं हळदी-कुंकू आठवतं? तुझ्याच गल्लीत मला बोलायला उभं केलं होतं. बाईने स्वतःसाठी वेळ काढावा, हसावं, खेळावं, त्यात लाज कसली, असं मी घसा ताणून सांगत होते. तू पुढेच बसली होतीस, स्वराला मांडीवर घेऊन. सगळ्यांच्या आधी टाळ्या तू वाजवल्यास. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं गं?

कारण तोवर तुला कळलेलंच होतं. त्याच्या आधीच एकदा, सगळ्या गेल्यावर, तू स्वराच्या तोंडात बोट घालून काहीतरी काढलंस. आमचा एक फासा होता, वीस बाजूंचा, निळा. तू तो नळाखाली धुतलास, उजेडात धरून चहूकडून पाहिलास आणि माझ्या हातावर ठेवलास.

"तुह्या शाळेतलं काहीतरी पोरीच्या तोंडात सापडलं व माय," म्हणालीस.

मी सांगितलं, मुलांना गणित शिकवायला असतं ते. तू फक्त "हां" म्हणालीस. पुढच्या रविवारी येताना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन आलीस. "तुमचं गणित याच्यात ठेवत जाय," म्हणालीस, आणि पदर तोंडाला लावून आत गेलीस. तू हसत होतीस, आई! मी मात्र आपली थाप पचली म्हणून खूश.

तुझ्या शेवटच्या रविवारी भागी मेली. होडी मधोमध असताना मी फासा टाकला आणि वर आला एक, सगळ्यात वाईट आकडा. रेश्माने सांगितलं, होडी उलटली, भागी बुडाली. हसू नकोस, पण माझे डोळे भरून आले होते. कितीतरी महिने मी ती बाई होते.

तुला बसपर्यंत सोडायला आले, तेव्हा तू माझा हात धरलास. "तोंड काहून उतरलं तुह्यं? कामात काही बिघडलं का?" मी म्हणाले, काही नाही, थकलेय. तू बसमध्ये चढलीस, खिडकीतून म्हणालीस, "जेवून घेजो. रिकाम्या पोटी कशाचंबी वाईट वाटतं." ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्या आठवड्यात भाऊंचा फोन आला, तू सकाळी उठलीच नाहीस म्हणून.

तेव्हाही मला काही कळलं नव्हतं. कळलं ते स्वरामुळे. गेल्या महिन्यात ती अंघोळीच्या टबात प्लास्टिकची वाटी तरंगवत होती. वाटी बुडाली. मी सहज म्हणाले, अगं, बुडाली! तर ती माझी समजूत काढायला लागली.

"भागी नही बुडली. भागी आजीकडे आली. आजीने भाकर दिली."

मी तशीच ओल्या फरशीवर बसले. भागीचं नाव मी स्वरापुढे कधी काढलं नव्हतं. दाराआड बसून तू रविवारच्या रविवार आमची गोष्ट ऐकत होतीस. आणि ऐकलेली गोष्ट तुझ्या बोलीत नातीला सांगत होतीस. आम्ही भागीला बुडवलं, आणि तू तिला काठाला आणून जेवायला घातलंस. त्या दिवशी बसपाशी माझा हात धरलास तो म्हणूनच ना?

तू बाहेर आमच्यात येऊन बसली असतीस, तर रेश्माने तुलाही गोष्टीत घेतलं असतं. तुझ्याइतकी गोष्ट आमच्यातल्या कोणाला सांगता येत होती? पण दार मी लावलं होतं. आणि मी लावलेलं दार उघडायची तुझी रीत नव्हती.

सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच आहे. तू कधी कोणाशी खोटं बोलली नाहीस. आणि माझ्यासाठी गल्लीभर सांगत राहिलीस, "माही पोर रविवारीबी मिटिंग घेते." फासा हातात घेऊन पाहिल्यावरही सांगत राहिलीस. तुला माझी लाज वाटत होती, की मला लाज वाटू नये म्हणून सांभाळून घेत होतीस?

तर आता कालचं ऐक. दुपारी शेजारच्या सुमनकाकूंच्या लिंबाला झोका बांधला होता. माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, पलीकडे ओट्यावर पुरुष पत्ते कुटत होते. आखाजीला पत्ते खेळायची रीतच, त्यांना कोण काय म्हणणार? काकूंनी मला बाजूला बसवून घेतलं आणि विचारलं, रविवारची मिटिंग चालू आहे का अजून, तुझी माय फार कौतुकाने सांगायची.

"मिटिंग नव्हती, काकू. खेळ होता. मी आईला खोटं सांगितलं होतं."

झोका थांबला. पोरी बघायला लागल्या. काकू म्हणाल्या, "म्हंजे तुही माय आतमधी पोर सांभाळत व्हती, अन् तू बाहेर खेळत व्हती?"

"हो," मी म्हणाले.

त्या उठून घरात गेल्या. नंतर आम्ही निघताना त्यांनी स्वराच्या हातावर सांजोरी ठेवली, माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरोबरच होतं. आता गल्लीत जे काही म्हणतील ते मला म्हणतील, तू खोटी पडणार नाहीस. भाऊंनाही मी संध्याकाळी सांगितलं. ते घागरीकडे बघत बसून राहिले.

आई, खेळ मी सोडणार नाही. सोडला तर संक्रांतीला बोलले तेही खोटं ठरेल. पण यापुढे कोणाला आत कोंडून मी बाहेर मोकळी होणार नाही, हा शब्द तुला देते. स्वरा मोठी झाली की तिला सांगेन, भागीला आजीने वाचवलं आणि आईने दार लावलं होतं. दोन्ही सांगेन.

गेल्या रविवारी रेश्मा आणि बाकीच्या आल्या. दार उघडं होतं. स्वरा माझ्या मांडीवर होती, फासे तुझ्या डब्यात. स्वरा सारखी मधेच बोलत होती, खेळ धड होत नव्हता. शेवटी रेश्माने तिलाच विचारलं, पुढे काय झालं? तिने आजीच्या बोलीत सांगितलं. आम्ही तसंच खेळलो.

तुझी,
वैशू