गाण्यातून उतरवलेलं पत्र

अकोला, १२ फेब्रुवारी २०२५

ती. गीतांजलीताईस,
धाकट्या जमुनाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही. हे दिवसभर बाजूच्याच खोलीत असतात, म्हणून लिहिते. गुडघ्यामुळे तुला आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला येता आलं नाही, ते बरंच झालं. साखरपुड्यानंतर मी धाडलेलं पत्र ह्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तेच, तू सांगितलेलं अन् मी उतरवलेलं. ह्यांचा भाचा नितेश खिदळला, की मामा, हे तर जुन्या इंग्रजी गाण्याचं भाषांतर आहे! त्याने मोबाइलवर लावलंही. कुण्या रॉक अँड रोल गाणाऱ्याचा मऊ आवाज, कडव्यामागून कडवं, अन् सगळं माझ्या पत्रातलंच. लोक हसले, हेही हसले. तेव्हापासून जेवायला वाढ, एवढंच बोलतात. ताई, काहून केलंस असं? मला तोंड लपवायला जागा नाही.

तुझी जमुना


अमरावती, १७ फेब्रुवारी

चि. सौ. जमुनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मान वर होईना. तेव्हा तू रडत म्हणाली होतीस, की मले काही सुचून नाही राहिलं, तूच सांग. त्या वर्षी मी त्या गाण्याची कॅसेट झिजवली होती. ज्याच्यासाठी झिजवली, तो चांदूर बाजारला दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. ते शब्द माझ्याकडे तसेच पडून होते; तुझ्या नावाने खपवले. मुलांना इंग्रजी शिकवणारी मी, अन् तुला गाण्याचा पत्ताही लागू दिला नाही. सोबत तुझ्या देवीदासरावांसाठी चिठ्ठी आहे. सगळा दोष माझा, असं लिहिलंय. तेवढी त्यांना दे. रागावलीस तरी मला टाकू नकोस.

ताई


अकोला, २३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

चिठ्ठी दिली नाही. अक्षर माझं होतं, म्हणून मीच सांगितलं. ह्यांनी विचारलं, की मंग तवा तुह्या मनात काय होतं? खोटं बोलवेना. म्हटलं, काहीच नव्हतं. तुमचा चेहराही नीट आठवत नव्हता. जीव जडला तो पुढे, तुम्ही आमच्या बाबांना दवाखान्यात हाताने भरवलं तेव्हा. ते मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग हे म्हणाले, की लग्न झाल्यापासून मी त्या पत्रातली बाई शोधून राहिलो होतो. मले वाटे, आपलंच काही चुकलं, म्हणून ती मुकी झाली.

पंचवीस वर्षं, ताई.

आज ह्यांनी एक भाकर जास्त घेतली. वाढताना मला वर पाहवलं नाही.

तुझ्यावर राग नाही. माया आहे तशीच राहू दे.

जमुना